गावात कॉम्प्युटर सेंटर काढताय? मशीन घ्यायच्या आधी हे वाचा

गणेशचवथीच्या आधीची गोष्ट. आमच्या वाड्यावरची एक काकी एका सरकारी योजनेचा फॉर्म भरायला सकाळच्या बसने तालुक्याला गेली. काउंटरवरच्या पोराने स्क्रीनकडे बघत सांगितलं, "फोटो मोठा आहे काकी, चालत नाही, लहान घेऊन या." काकी घरी आली, कातरीने फोटोच्या कडा कापून बारीक केला नि दुसऱ्या दिवशी परत गेली. फोटो मोठा म्हणजे फाईल मोठी, ५० केबीच्या आत बसवायची असते, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं, कारण स्क्रीन तिच्याकडे तोंड करून नव्हताच मुळी. दोन दिवस, चार बसा, नि वर त्या दिवसांची रोजंदारी गेली.

ते ऐकल्यावर आम्ही मंडळाच्या खोलीत तीन जुने कॉम्प्युटर लावले. त्याला आता चार वर्षं होतील. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं आमचं गाव काही फार मोठं नाही, पण आता आजूबाजूच्या गावांतून पोरं येऊन विचारतात की तुम्ही कसं केलं, किती खर्च आला, लायसन लागतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: माऊस आलेल्या माणसाच्या हातात पाहिजे. तुम्ही फॉर्म भरून द्यायला बसलात तर ते अजून एक झेरॉक्सचं दुकान झालं, आणि ते वाईट नाही, पण त्यासाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही.

आधी वही घेऊन फिरा

कॉम्प्युटर घ्यायच्या आधी महिनाभर घराघरात जाऊन एकच प्रश्न विचारा: गेल्या सहा महिन्यांत तालुक्याला किंवा पणजीला कुठल्या कागदासाठी गेला होता, किती फेऱ्या झाल्या? "कॉम्प्युटर सेंटर पाहिजे का?" असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील, त्या होकाराचा काही उपयोग नाही.

आमच्या वहीत काय आलं ते सांगतो. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाचं केवायसी, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा हयातीचा दाखला (महिन्याचे दोन हजार थांबले की म्हाताऱ्या माणसांची रात्रीची झोप जाते), लाईटचं बिल, पोरांचं कॉलेज ॲडमिशन. आणि एक गोष्ट आम्हाला सुचलीच नव्हती, ती पोरांनी सांगितली. गोवा स्टाफ सिलेक्शन कमिशनची परीक्षा कॉम्प्युटरवर असते, जेईई मेनही कॉम्प्युटरवरच, आणि आमच्या कित्येक पोरांनी फोन सोडून कशावर हातच ठेवलेला नाही. पर्रीकरांच्या काळात सायबरएज योजनेतून अकरावीच्या पोरांना कॉम्प्युटर मिळाले होते, त्या पिढीच्या घरात निदान एक डबा होता, आताच्या पोरांकडे फोन आहे आणि माऊस नाही. उत्तर येत असून घड्याळाकडे बघत माऊस शोधत बसायचं, यासारखं वाईट वाटणारं दुसरं काही नाही.

ही वही का महत्त्वाची, तर हे प्रयोग आपल्याकडे नवे नाहीत. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे वारणेच्या साखर कारखान्याभोवतीच्या सत्तरेक गावांत 'वायर्ड व्हिलेज' म्हणून कॉम्प्युटर केंद्रं उघडली होती. शेतीची माहिती, शिक्षण, बरंच काही ठरवलं होतं, पण शेतकरी यायचा तो मुख्यतः आपल्या उसाचं वजन नि बिल बघायला, आणि पुढे काही ठिकाणी तेच काम मोबाईलच्या एसेमेसवर करून बघितलं तर तेवढ्याने भागलं. त्याच सुमारास पुदुच्चेरीजवळ वीरमपट्टिनम नावाच्या मच्छीमारांच्या गावात स्वामिनाथन फाउंडेशनच्या केंद्रातल्या पोरी समुद्राच्या लाटांची उंची इंटरनेटवरून काढून भोंग्यावर सांगायच्या. तिथे किनाऱ्यावरच्या माणसाला कॉम्प्युटरजवळ यायचीसुद्धा गरज नव्हती. आपल्या गावाला नक्की काय पाहिजे ते गावच सांगतं, फक्त विचारायला पाहिजे.

खोली

पंचायतीत रिकामी खोली असते, शाळेत असते, वाचनालयाच्या वरच्या माळ्यावर असते. माझं मत विचाराल तर वाचनालय किंवा मंडळाची खोली घ्या. पंचायतीची खोली म्हणजे निवडणूक झाली की किल्ली कोणाकडे हा प्रश्न, आणि शाळेची खोली म्हणजे सुट्टीत कुलूप, नेमकी ॲडमिशनची वेळ मे-जूनची. देवळाच्या आवारातली खोली मिळत असेल तर गावातली प्रत्येक बाई, प्रत्येक वाड्यावरचा माणूस तिथे न संकोचता येईल का याचा आधी खरेपणाने विचार करा. उत्तर "बहुतेक" असं आलं तर दुसरी खोली शोधा.

मी एका गावात बघितलंय, नाव घेत नाही. कॉम्प्युटर आले, उद्घाटन झालं, फोटो निघाले, किल्ली एकाच माणसाच्या घरी. तो माणूस कामावर गेला की सेंटर बंद. मृगाचा पाऊस लागला, खोली गळली, आणि ऑगस्टमध्ये खोके उघडले तर आत बुरशी. चालूच केले नव्हते अर्धे. म्हणून किल्ल्या तीन करा, तीन वेगळ्या घरांत ठेवा, त्यातली एक तरी बाईकडे.

खोली कौलारू असेल तर पन्हाळीखाली टेबल लावू नका, आणि वरून साधा पत्रा किंवा प्लास्टिकची शीट तरी मारा, कौलातून पाणी नाही आलं तरी माती पडतच असते. चिऱ्याची भिंत असेल तर वायफाय पलीकडच्या खोलीत नीट पोचणार नाही, चिरा जाड असतो, सिग्नल खातो. त्यापेक्षा सरळ लॅन केबल ओढा. शंभर मीटरपर्यंत ती काही कुरकुर करत नाही, फक्त पीव्हीसी पाइपातून ओढा, नाहीतर उंदीर पहिल्याच महिन्यात कुरतडतात, आमची दोनदा कुरतडली.

मशीन: जुनी घ्या, पण बघून घ्या

नवीन कॉम्प्युटरसाठी आमदार-खासदारांकडे अर्ज करून दोन वर्षं वाट बघण्यापेक्षा जुने घ्या. आता तर चांगली वेळ आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला साधारण आठव्या जनरेशनपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगल्या चालत्या स्थितीतल्या मशीन ऑफिसं, हॉटेलं, कारखाने काढून टाकतायत. त्यांच्याकडे अर्ज करा, लेटरहेडवर करा, मंडळाची सोसायटी म्हणून नोंदणी असेल तर त्याची प्रत जोडा. देणाऱ्यालाही कागदावर दाखवायला बरं पडतं.

काय बघायचं: चौथ्या जनरेशनचा आय-थ्री किंवा त्यापुढचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम (४ असेल तर वाढवता येते का बघा), आणि जुनी हार्ड डिस्क काढून २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी घाला. हा एक बदल केला की जुना डबा नव्यासारखा पळतो, लोकांना खरं वाटत नाही. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, एक्सएफसीई वाला, हलका आहे, फुकट आहे, व्हायरसचा त्रास जवळजवळ नाही. लिनक्स म्हटलं की काही जण घाबरतात, पण गोव्याला ते नवीन नाही. २००० च्या आसपास अमेरिकेतून वापरलेले कॉम्प्युटर आणून गोव्यातल्या शाळांना द्यायचा प्रकल्प झाला होता, त्यातही लिनक्सच वापरलं होतं. नि फॉर्म भरणाऱ्या माणसाला फक्त ब्राऊझर दिसतो, खाली काय आहे त्याचा त्याला फरक पडत नाही.

एक मशीन मात्र विंडोज ११ वाली ठेवा. अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सही, काही सरकारी सॉफ्टवेअर लिनक्सवर नीट चालत नाहीत, तिथे हट्ट करून उपयोग नाही.

जमलं तर डेस्कटॉपचे मोठे डबे न घेता मिनी पीसी घ्या, ते पुस्तकाएवढे असतात, वीज खूप कमी खातात. मोठा डबा नि मॉनिटर मिळून शंभर वॅटच्या आसपास जातो, मिनीचं निम्म्यात भागतं. हे पुढे इन्व्हर्टरच्या हिशेबात कळेल.

प्रिंटर लेझर घ्या, काळा-पांढरा. शाईवाला स्वस्त वाटतो, पण आठवडाभर वापरला नाही की डोकं सुकतं आणि मग साफ करण्यातच अर्धी शाई जाते. कागदाची रिम कधीच उघडी ठेवू नका. पावसात कागद दमट होतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, आणि लोक म्हणतात प्रिंटर बिघडला. आम्ही रिम झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, तांदूळ ठेवतात तसल्या, आत सिलिका जेलची पुडी. तेव्हापासून अडकणं जवळजवळ बंद झालं.

लाईट नि पाऊस

यावर जास्त लिहितोय, कारण गोव्यात सेंटर बंद पडतात ती याच कारणाने, इंटरनेटमुळे नव्हे.

अर्थिंग. वायरमन बोलवा आणि त्याच्यासमोर उभं राहून तपासून घ्या, तीन पिनचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं, जुन्या खोल्यांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर त्याच दिवशी मशीन बंद करा, दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबू नका, लहान पोरं अनवाणी येऊन बसतात.

वीज चमकते ती मेच्या शेवटी आणि परत ऑक्टोबरात, परतीच्या पावसात. तेव्हा बटण बंद करून भागत नाही, पिना काढायच्या, राउटरचा ॲडाप्टरसुद्धा. फायबर म्हणजे काच आहे, तिच्यातून करंट येत नाही हे खरं, पण राउटर ज्या ॲडाप्टरवर चालतो तो विजेच्या लाईनवरच आहे ना. आमचे दोन राउटर असेच गेले, दोन्ही वेळेला संध्याकाळी पिना काढायला कोणी थांबलं नव्हतं. आता दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलंय, बंद करणाऱ्याने पिना मोजायच्या, नऊ.

यूपीएस नि इन्व्हर्टर यात लोक गोंधळतात. साधा ६०० व्हीएचा यूपीएस एका मशीनला दहा-पंधरा मिनिटं देतो, म्हणजे फॉर्म सबमिट करून बंद करण्यापुरतं. त्याहून जास्त पाहिजे तर एक केव्हीएच्या आसपासचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी घ्या, ३०० वॅटचा भार असेल तर तीन तासांच्या आसपास चालतं, बॅटरी नवी असेपर्यंत. राउटरला वेगळा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो आधी घ्या. लाईट गेली तरी नेट चालू राहिलं तर लोक फोनवर काम उरकतात, खोलीत माणूस टिकतो.

आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत एक नियम: कोणी येवो न येवो, प्रत्येक मशीन रोज अर्धा तास चालू ठेवायची. आतली ऊब ओल घालवते. चवथीच्या सुट्टीत पाच-सहा दिवस सगळे घरी असतात, त्या दिवसांत कोणी येऊन चालू करायचं ते आधी ठरवा. सीपीयूच्या मागे भोकं असतात तिथून पाली नि मुंग्या शिरतात, बारीक जाळी लावा, प्लास्टिकने गच्च बांधू नका, मग गरम होतं.

नेट कुठून घ्यायचं

पंचायतीच्या ऑफिसपर्यंत बऱ्याच ठिकाणी सरकारी फायबर आलेली असते, गोवा ब्रॉडबँड नेटवर्क म्हणजे जीबीबीएन त्यासाठीच घातलं. ते सरकारी ऑफिसांसाठी आहे, पण तुमचं सेंटर पंचायतीच्याच इमारतीत असेल तर सेक्रेटरींना विचारून ठेवा, लेखी विचारा. नाहीतर साधं घरगुती फायबर कनेक्शन पुरतं. सहा मशीनना ५० एमबीपीएस भरपूर झालं, फॉर्म भरायला वेग नाही लागत, न तुटणं लागतं. म्हणून कनेक्शन घ्यायच्या आधी त्याच वाड्यावर ज्याच्याकडे आहे त्याला विचारा की पावसात किती दिवस बंद होतं नि माणूस किती दिवसांनी येतो. जाहिरातीतला वेग विचारू नका. राउटरवर 'लॉस' लिहिलेला लाल दिवा लागला तर चूक तुमच्याकडची नाही, बाहेर कुठेतरी केबल तुटली किंवा दबली आहे, माडाची झावळ पडते, जेसीबी लागतो. तेव्हा राउटर रिसेट करत बसू नका, त्याने सेटिंग जातं फक्त. त्या दिव्याचा फोटो काढून तक्रारीबरोबर पाठवा. बॅकअप म्हणून दुसऱ्या कंपनीचं एक सिम ठेवा.

खोलीबाहेरही वायफाय द्यायचं असेल तर पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना बघा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलं, छोट्या दुकानदारालासुद्धा पीडीओ (पब्लिक डेटा ऑफिस) म्हणून वायफाय विकता येतं, लायसन लागत नाही, नोंदणीची फी नाही, फक्त अशा पीडीओंना एकत्र सांभाळणाऱ्या एका कंपनीशी, म्हणजे पीडीओएशी, जोडून घ्यावं लागतं. पूर्वी अडचण ही होती की कंपन्या पीडीओकडून व्यवसायाच्या लाईनचे पैसे मागायच्या. जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉमचे दर ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवून दिलं की २०० एमबीपीएसपर्यंतचा घरगुती फायबर प्लॅन पीडीओला जास्तीत जास्त दुप्पट दराने द्यायचा. कंपनीचा माणूस जास्त सांगायला लागला तर हे त्याला सांगा.

नेट नसलं तरी खोली रिकामी जाऊ नये म्हणून किविक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर घालून ठेवा. त्यावर अख्खं मराठी विकिपीडिया नेटशिवाय उघडतं, पेन ड्राइव्हवर मावतं. शाळेचे प्रोजेक्ट करायला पोरं त्यावरच बसतात.

पहिला महिना कसा शिकवायचा

पहिल्या दिवशी फॉर्म उघडू नका. पत्त्यांचा खेळ उघडा, सॉलिटेअर. माऊस धरून पान उचलायचं, ओढायचं, सोडायचं. एका आजीने पहिल्या दिवशी माऊस उचलून स्क्रीनवर टेकवला, नि त्यात चूक काही नव्हती, फोन तर बोटाने स्क्रीनवरच चालतो ना. शेजारी बसलेल्या नातवाला मी काही बोलू दिलं नाही. तिचा हात माऊसवर ठेवला, वर आपला हात ठेवला नाही, फक्त म्हटलं "आजी, हळू, टेबलावरच फिरवा, बाण बघा." वीस मिनिटांनी बाण तिच्या मागे नाही, तिच्या पुढे धावायला लागला. शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, हा आमचा एकच नियम. हात पुढे गेला की शिकणं थांबतं.

मग मराठी टायपिंग. फोनवर सगळे इंग्लिश अक्षरांतून मराठी लिहितात, कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा, विंडोज नि लिनक्स दोन्हींत आधीच असतं, नुसतं सेटिंगमधून चालू करायचं. तर्क सोपा आहे: स्वर नि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 'गोवा' लिहून दाखवा: इंग्लिश कीबोर्डवरच्या आय, ए, बी, ई. आय म्हणजे ग, ए म्हणजे ओकाराची मात्रा, बी म्हणजे व, ई म्हणजे काना. चार बटणं नि शब्द तयार. मराठी नि कोकणी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे एकदा शिकलं की दोन्ही आलं. डीटीपीवाल्यांकडच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं ऑनलाईन फॉर्ममध्ये पेस्ट होत नाही, भलतीच अक्षरं येतात, म्हणून युनिकोडच (इनस्क्रिप्टने टाईप होतं ते) पाहिजे हे पोरांना सुरुवातीलाच सांगा.

सराव कशाचा द्यायचा? पुस्तकातला उतारा देऊ नका. आमच्याकडे भजनी मंडळाच्या वहीची पानं सुटत आली होती, ती टाईप करायला घेतली. बायका चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीला लागणाऱ्या वस्तूंची यादी टाईप करून घेऊन गेल्या, कोणी काल्याच्या नाटकातली आपली भाषणं. जे छापून हातात घ्यावंसं वाटतं ते टाईप करायला कंटाळा येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात फोटो लहान करणं, सही स्कॅन करणं, पीडीएफ जोडणं. काकीवरून आम्ही हे ठरवलं होतं की 'मोठा फोटो' हा शब्द वापरायचाच नाही, 'जड फोटो' म्हणायचं. जड असला की वर चढत नाही, हलका केला की चढतो. लगेच कळतं.

वेळा बायकांना विचारून ठरवा. आमच्याकडे दुपारी अडीच ते साडेचार फक्त बायकांसाठी, त्या वेळेत बसायलाही बाईच. पिसुर्ले, होंड्याकडे कारखान्यांत शिफ्टला जाणारी पोरं रात्री साडेसात ते नऊ. रविवारी सकाळी बंद, कारण सकाळी बाजार नि मासे, कोणी येत नाही. शाळकरी पोरांना टाइम लावा, नाहीतर मोठ्यांना खुर्ची मिळत नाही.

रजिस्टर, कायदा आणि लोकांचे कागद

लोकांना इंटरनेट वापरायला देताय नि पैसे घेताय तर २०११ चे सायबर कॅफेचे नियम वाचून घ्या. नोंदणी करायची असते, येणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, त्याची प्रत आणि आल्या-गेल्याच्या वेळेचं रजिस्टर निदान एक वर्ष ठेवायचं, कुठल्या मशीनवर बसला तेही लिहायचं. पार्टिशन केलं तर साडेचार फुटांपेक्षा उंच नको, पार्टिशन नसेल तर स्क्रीन मोकळ्या जागेकडे तोंड करून. ओळखपत्र नसलेल्या लहान पोराबरोबर मोठं माणूस पाहिजे. आम्ही पार्टिशन केलंच नाही. आणि ओळखपत्र म्हणून आधारची प्रत मागू नका, मतदार कार्ड चालतं, लायसन चालतं, शाळेचं कार्ड चालतं. प्रती कुलपाच्या कपाटात. वर्ष झालं की फाडून जाळा, रद्दीत घालू नका.

आता सगळ्यात मोठी काळजी. लोक आधार डाउनलोड करतात, प्रिंट घेतात नि निघून जातात, फाईल मशीनवर तशीच. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्लिश कॅपिटल अक्षरं नि जन्माचं वर्ष. गावात कोणाचं नाव नि वर्ष कोणाला माहीत नाही? म्हणजे ती फाईल उघडीच पडली म्हणा ना. लिनक्स मिंटमध्ये गेस्ट सेशन चालू करता येतं, लॉग आऊट केलं की त्यात केलेलं सगळं पुसलं जातं. सगळ्या मशीनवर लोकांसाठी तेच ठेवा, विंडोजवाल्यावर मात्र डाउनलोड फोल्डर नि रिसायकल बिन हाताने रिकामं करायला लागतं. शक्यतो मास्क्ड आधार काढायला शिकवा, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. व्हॉट्सॲप वेब लॉग आऊट केलं का हे जाताना प्रत्येकाला विचारायचं.

ओटीपी कोणी मोठ्याने वाचून दाखवायला लागलं तर थांबवा. "मला सांगू नका काकी, तुम्हीच घाला" हे वाक्य शंभरदा म्हणावं लागतं, कंटाळू नका. आणि भिंतीवर १९३० हा नंबर हातभर मोठा लिहा. पैसे गेले असं कळल्याबरोबर लावायचा, जेवढा लवकर लावाल तेवढी पैसे अडवायची शक्यता जास्त. आमच्या खोलीतून दोनदा लावलाय. दोन्ही वेळेला माणूस लाजून चार तास गप्प बसला होता, म्हणून आता शिकवतानाच सांगतो की लाजू नका, आधी फोन.

पैसे

आम्ही पोरांकडून काही घेत नाही, मोठ्यांकडून अर्ध्या तासाचे दहा रुपये, प्रिंटला तीन. त्यात नेटचं बिल, लाईट, कागद, टोनर निघतो, बसणाऱ्याचं मानधन निघत नाही. ते मंडळ नि दोन-तीन घरं मिळून देतात, आणि ते द्यायलाच पाहिजे, फुकट बसणारी पोरगी सहा महिन्यांत दुसरीकडे नोकरीला जाते नि तिला बोल लावता येत नाही. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते, तिचे पैसे दर महिन्याला थोडे बाजूला टाका.

सीएससी, म्हणजे सरकारी सेवा देणारं कॉमन सर्व्हिस सेंटर, घ्यायचं का, हे सगळे विचारतात. २००६ पासूनची केंद्राची योजना आहे, टीईसी नावाचा केंद्र चालवणाऱ्यांसाठीचा कोर्स पास होऊन नोंदणी करता येते, कामामागे कमिशन मिळतं, बँकेचं कामही करता येतं. मिळकतीसाठी चांगलं आहे. पण आमचा सल्ला असा की पहिलं वर्ष घेऊ नका. कमिशन सुरू झालं की रांग लागते, रांग लागली की बसणारा माऊस स्वतःकडे ओढतो. वर्षभरात पंधरा-वीस माणसं स्वतः फॉर्म भरणारी तयार झाली की मग घ्या, आणि सीएससीची मशीन वेगळ्या टेबलावर, दुसऱ्या भिंतीला लावा. स्वयंपूर्ण मित्र, म्हणजे सरकारने पंचायतीसाठी नेमलेले अधिकारी, पंचायतीत येतात तेव्हा त्यांनाही खोलीत बोलवा, कुठल्या योजनेला कुठला कागद ते त्यांना विचारून फळ्यावर लिहून ठेवा, तारीख घालून, कारण कागद बदलतात नि जुनी यादी बघून माणूस परत तालुक्याला पळतो.

हिशेब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दारावर लावा, हाताने लिहिलेला चालेल. टोनर बदललात की त्याची तारीख प्रिंटरच्या झाकणाच्या आत पेनाने लिहा, म्हणजे पुढचा कधी मागवायचा ते कळेल. ॲडमिशनच्या दिवसांत टोनर संपला तर तालुक्याहून मिळेपर्यंत दोन दिवस जातात.